पुडकं बांधलंस, आता उघडून बघ

पोरी, लायब्ररी पायपीआयवर चढवायच्या आधी तयार झालेली फाईल उघडून बघायची. व्हील म्हणजे शेवटी झिपच. आतली यादी काढ आणि प्रत्येक फाईल तिथे का आहे ते स्वतःला विचार. मग नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून, प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर जाऊन इन्स्टॉल कर. फोल्डरच्या आत राहून तपासलंस तर पायथन तिथलाच कोड उचलतो आणि राहून गेलेली टेम्प्लेटं, जेसन फायली यांचा पत्ताच लागत नाही.

टेस्ट टाकायच्या की नाही, यावर तुमच्या ऑफिसात भांडणं होत असतील. माझ्या मते त्यात भांडण्यासारखं काही नाही. व्हील वापरणाऱ्यासाठी असतं. जेवायला आलेल्यापुढे ताट वाढायचं, परात-लाटणं नाही. सोर्सचं पुडकं, म्हणजे एसडिस्ट, हे बांधणाऱ्यासाठी. डेबियनवाले मुळापासून बांधतात आणि टेस्टही चालवतात, म्हणून टेस्ट तिथे हव्यातच. सेटअपटूल्सचं ‘फाइंड पॅकेजेस’ मात्र मोकाट सोडू नकोस. मुळाशी ‘टेस्ट्स’ नावाचं फोल्डर असलं आणि त्यात इनिट फाईल असली, की ते थेट साइट-पॅकेजेसमध्ये जाऊन बसतं. दुसऱ्या कुणीही तेच केलेलं असलं, की एकाच्या फायली दुसऱ्यावर चढतात. कोड ‘एसआरसी’ फोल्डरात ठेवलास आणि पॅकेजं तिथेच शोधायला सांगितलंस, तर ही कटकट संपली.

टाइप लिहिले असशील तर ‘पाय.टाइप्ड’ विसरू नकोस. फाईल रिकामी असते, पण ती नसली की मायपाय तुझ्या टाइपांकडे ढुंकूनही बघत नाही. लायसन्स तर हवंच, आणि ते फक्त तुझं नाही. नमपायच्या व्हीलमध्ये ओपनब्लास असतं, म्हणून त्याचं लायसन्सही सोबत जातं. दुसऱ्याचा कोड आत घेतलास, तर त्याचा कागद जोडायचा.

एनपीएमवर काही चढवायचं झालं, तर वगळायची यादी करत बसू नकोस, घ्यायची कर. पॅकेज.जेसनमध्ये ‘फाइल्स’ त्यासाठीच आहे. वगळायच्या यादीत भलताच खोडा आहे: ‘एनपीएमइग्नोर’ फाईल ठेवलीस की त्या फोल्डरातली ‘गिटइग्नोर’ बघितलीच जात नाही. गिटमध्ये कधीही न गेलेली, पासवर्ड असलेली ‘एन्व्ह’ फाईल मग बिनबोभाट जगभर जाते. ‘एनपीएम पॅक’ ड्राय-रन करून चालवलं, की यादी आधीच दिसते.

पुडकं लॅपटॉपवरून नाही, टॅगवरून सीआयमध्ये बांधावं. २०२४ साली एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार निघालं. ते उघडणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती, रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. बाकीचा माल टेस्टच्या फायलींत दडवलेला. त्यामुळे एसडिस्ट आणि गिट यांत जो फरक दिसेल, त्याचं कारण तुला सांगता आलं पाहिजे.

आणि चुकून गुप्त किल्ली गेलीच, तर आवृत्ती काढून टाकण्यात पहिली दहा मिनिटं घालवू नकोस. तोवर कुणीतरी उतरवलेलीही असते, आणि पायपीआय त्याच नावाची फाईल पुन्हा घेतही नाही. आधी किल्ली रद्द कर, मग मला फोन कर.