विषादाचा प्रसाद

आषाढी करून परतलेले वारकरी परतवारीच्या एकादशीस नर्सीला नामदेवरायांच्या दर्शनास येतात. मागे अशाच एका एकादशीस कीर्तन आटोपून मी उपरणे आवरीत होतो, तोच एक वृद्ध माळकरी पुढे आले. वर्षापूर्वी त्यांचा कर्ता मुलगा गेला होता. म्हणाले, "महाराज, पंढरी झाली, नर्सी झाली. आता घरी कशापायी जावं?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून त्याचा येथे विचार करू.

गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग. खचून बसण्याला 'योग' का म्हणावे? 'सद्' या धातूचा अर्थ बसणे, खचणे. त्याला 'वि' लागला की विषाद होतो, 'प्र' लागला की प्रसाद. धातू एकच, पालटतो तो उपसर्ग. दुःख टाकून येऊ म्हटले तर ते टाकता येत नाही; त्याचा उपसर्ग मात्र पालटता येतो. अर्जुन रथात खाली बसला, तेथेच त्याने विचारले, आणि अखेर उठला तो कर्तव्य करण्यासाठी. नुसते बरे वाटावे म्हणून नव्हे!

आता आपल्या घरचाच दाखला पाहा. नामदेवराय विठ्ठलाचे लाडके. पण संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेतले आणि हे मडके कच्चे ठरले. मग ते औंढ्या नागनाथास आले. तेथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले! "देव नाही तेथे माझे पाय ठेव," असे विसोबा म्हणाले, आणि देव नाही अशी जागाच सापडेना. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण हे ज्ञान कामास केव्हा आले, ते आपण पाहत नाही.

शके १२१८, म्हणजे सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानोबारायांनी आळंदीस समाधी घेतली. पुढे थोड्याच काळात सोपानदेव, मुक्ताबाई आणि निवृत्तिनाथही गेले. ज्यांच्याबरोबर तीर्थयात्रा केली, ती सारी भावंडे गेली. नामदेवराय तेव्हा सव्वीस वर्षांचे. समाधीच्या अभंगांत ते उघड रडतात. गुरूपदेश झालेला असूनही रडतात. म्हणून रडणाऱ्याला कोणी अज्ञानी म्हणू नये.

पण ते रडत बसून राहिले नाहीत. ज्ञानोबांनी आरंभिलेले भक्तीचे काम अर्धे होते, ते त्यांनी खांद्यावर घेतले. प्रत्यक्ष पंढरी सोडून ते थेट पंजाबात गेले. औंढ्याचा धडा उपयोगी पडला तो येथे! देव सगळीकडे आहे हे कळले होते, म्हणूनच परमुलखात पाय टाकवला. घुमान गावी आजही त्यांचे स्थान आहे, आणि शिखांच्या श्रीगुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. चोखोबाराय मंगळवेढ्यास गावकुसाखाली गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारी समाधी दिली तीही नामदेवरायांनीच, अशी आपली परंपरा सांगते. शके १२७२ मध्ये ते महाद्वारीच्या पायरीशी विसावले. हिशेब करा: आळंदीच्या त्या त्रयोदशीनंतर चोपन्न वर्षे! दुःख आयुष्याच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात झाले, आणि काम त्याच्या पुढे.

कोणी म्हणेल, "बुवा, ते संत. आम्ही प्रापंचिक माणसं." शंका रास्त आहे. म्हणून माझे स्वतःचे सांगतो. माझी पत्नी गेली, तेव्हा सहा महिने मी टाळाला हात लावला नाही. लोकांना वैराग्य सांगणारा मी, पण घरात दिवा लावायचेही सुचेना. ती आळीतल्या मुलींना हरिपाठ पाठ करून देत असे. एके संध्याकाळी त्यांतली एक दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, नऊ अभंग झालेत. पुढचे कोण सांगणार?" मी बसा म्हटले. दहावा सांगताना आवाज दोनदा बसला. सत्ताविसावा झाला तेव्हा माझ्या ध्यानात आले की रोज संध्याकाळी मी दिवा लावतो आहे. दुःख गेले नव्हते, आजही नाही. पण त्याला बसायला एक जागा मिळाली.

तात्पर्य एवढेच. "माझ्या जगण्याला अर्थ काय?" असे स्वतःला विचारीत बसले तर उत्तर मिळत नाही. "गेलेल्याचे काय अर्धे राहिले?" असे विचारावे. आणि तसे काही नसेल, तर आपल्या दारात कोण उभे आहे ते पाहावे. काम हाती घेतले की हेतू मागून येतो. हेतू सापडल्यावर काम घेऊ म्हणणारा बसूनच राहतो.

त्या माळकऱ्यांना मी हेच विचारले. ते पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नातवाला शाळेत तोच पोचवायचा. आता ते पोरगं एकलंच जातं."

"उद्या शाळा आहे ना?" मी म्हटले.

त्यांनी डोळे पुसले, पिशवी उचलली आणि रात्रीच्या एस.टी.ची चौकशी करू लागले. वारी म्हणजे नुसते जाणे नव्हे, परत येणेही वारीच आहे.

रामकृष्णहरि.