चालीच्या माथ्यावरील नाव



गतवर्षी निबंधाच्या वह्या तपासत असता एकाच वर्गातील चार वह्यांत एकच निबंध शब्दशः सारखा आढळला. तो मोबाईलवरून उतरविलेला होता. आम्ही चौघांसही शून्य गुण दिले आणि दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून पुढे करणे हे असत्यच होय, असे वर्गात समजावून सांगितले. तेव्हा मागील बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, 'मैंने प्यार किया'मधल्या गाण्याची चालही उतरवलेली आहे. मूळ इंग्रजी गाणे मी ऐकले. मग त्यांना बक्षीस कसे मिळाले?" वर्ग हसला. आम्हांस त्या क्षणी उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील शाळेच्या फाटकापाशी भेटले. मोठ्या अदबीने, पण दुखावलेल्या स्वरात ते म्हणाले, "सर, पोराने आमच्या गाण्याला चोरीचे म्हटले, आणि आपण गप्प राहिलात." पितापुत्र दोघेही आपापल्या परीने उत्तरास पात्र आहेत. ते उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम त्या गाण्यांच्या कर्त्याविषयी. तो कोणी परका नव्हे, आपल्या नागपूरचाच सुपुत्र होय. विजय पाटील यांचा जन्म १९४२ साली नागपुरात झाला व वडील आणि काका यांजपाशी त्यांनी संगीताचे आरंभीचे पाठ घेतले. दादा कोंडके यांनी त्यांचे गुण हेरले. 'पांडू हवालदार' (१९७५) या चित्रपटास विजय पाटील व त्यांचे सहकारी सुरेंद्र यांनी 'राम-लक्ष्मण' या जोडनावाने संगीत दिले. सुरेंद्र हे राम व पाटील हे लक्ष्मण. पुढे लवकरच सुरेंद्र निवर्तले. परंतु पाटलांनी मित्राचे नाव आपल्या नावापासून कधी वेगळे केले नाही. आयुष्यभर ते एकटेच 'रामलक्ष्मण' या नावाने काम करीत राहिले. १९८९ च्या डिसेंबरात 'मैंने प्यार किया' प्रदर्शित झाला आणि त्याच्या संगीताबद्दल त्यांस फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. २०२१ च्या मे महिन्यात नागपुरातच त्यांचे देहावसान झाले.

आता ही गाणी आमच्या पिढीच्या अंतःकरणात इतकी खोल कशी रुजली, ते पाहू. त्यास कॅसेट हे मोठे कारण होय. फिलिप्स कंपनीने ही वस्तू १९६३ साली बाजारात आणली. परंतु आपल्याकडे ती घरोघर पोहोचली १९८० नंतरच्या दशकात. ग्रामोफोनची तबकडी व तिचे यंत्र हे संपन्न घरचे वैभव होते. कॅसेट मात्र मिरचीच्या बाजारात हमाली करणाऱ्यास किंवा कोळशाच्या खाणीवर पाळी करणाऱ्यासही घेता येऊ लागली. तिची फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद असून सेकंदास सुमारे पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकते. एक बाजू अर्धा तास चालते. विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटीत सुमारे ८६ मीटर फीत गुंडाळलेली असते, हे त्यांस कळून येईल. ती यंत्रात अडकली म्हणजे पेन्सिल चाकात घालून हलक्या हाताने गुंडाळावी लागे. नको असलेले गाणे टाळून पुढे जाणे कष्टाचे होते. म्हणून सारी बाजू क्रमाने ऐकली जाई, आणि एका गाण्याचा शेवट होताच दुसऱ्याचा आरंभ मनात आपोआप वाजू लागे.

दुसरे कारण वयाचे. मानसशास्त्रज्ञांचे असे निरीक्षण आहे, की वृद्धपणी मनुष्यास सर्वांत अधिक आठवतात त्या गोष्टी सुमारे दहाव्या व तिसाव्या वर्षांच्या दरम्यानच्या असतात. तिसरे कारण सहवासाचे. त्या काळी गाणे एकट्याच्या कानात फारसे वाजत नसे. ते ओसरीवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात वाजे. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. इतवारीहून उमरेडमार्गे नागभीडला जाणाऱ्या छोट्या गाडीत कोणी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसला, की सारा डबा त्याचा श्रोता होई. ती गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. पण त्या गाण्यांचा स्वर कानी पडताच आम्हांस आजही डब्यातील धूळ व खिडकीबाहेरची शेते दिसतात. तेव्हा वडील 'आमचे गाणे' म्हणतात, त्यात केवळ सूर नसतात. त्यांचे तारुण्य व त्या वेळचे सोबती त्यात असतात. मुलांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

परंतु मुलाचे म्हणणेही खोटे नाही. स्टीव्ही वंडर यांचे 'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू' हे गीत १९८४ चे. त्याच्या चालीशी 'आते जाते' या गाण्याचे साम्य कोणाही श्रोत्यास ओळखता येते. तसेच स्वीडनमधील 'युरोप' नावाच्या वाद्यवृंदाच्या 'द फायनल काउंटडाउन' (१९८६) या गीताचा आरंभीचा वाद्यघोष याच चित्रपटातील दुसऱ्या एका गाण्याच्या आरंभी ऐकू येतो. अशी उसनवारी त्या दशकात पुष्कळ संगीतकारांनी केली. कॅसेटीही परवानगीवाचून सर्रास उतरविल्या जात. इतक्या, की १९५७ चा कॉपीराइटचा कायदा १९८४ साली अधिक कडक करावा लागला. कोठल्या तरी महानगरातील सूर उमरेडच्या टपरीवर पोहोचले ते या वाटेने, आणि त्यांचे मूळ गाव कोणते, हे आम्हांस कोणी सांगितले नाही.

मग चाल उसनी घेणे हेच पाप काय? तसे म्हणू लागलो तर आपले मराठी नाट्यसंगीतच उरणार नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र' नाटकात (१८८२) कीर्तनातील, लावणीतील व कर्नाटकातील चाली आहेत. भास्करबुवा बखले यांनी 'स्वयंवर' नाटकातील (१९१६) पदांस ख्यालगायकीतील बंदिशींच्या चाली योजिल्या. परंतु जुन्या संगीत नाटकांची पुस्तके ग्रंथालयात काढून पाहा. पदाच्या माथ्यावर राग व ताल यांसोबत 'चाल' असा शब्द व त्यापुढे मूळ गीताचे नाव छापलेले आढळते. उपासनेच्या गीतपुस्तकांतही गीताच्या वर चालीचे नाव देण्याची रीत आहे. पूर्वजांनी मोकळ्या हाताने घेतले, पण कोणापासून घेतले ते लिहून ठेवले. त्या एका ओळीने उसनवारीचे ऋण होते. ती ओळ गाळली, म्हणजे तीच उसनवारी चोरीच्या पंक्तीस जाऊन बसते.

तेव्हा, हे विद्यार्थ्या, तुझा प्रश्न योग्य होता, आणि त्याच दिवशी आम्ही तसे म्हणावयास हवे होते. बक्षीस मिळाल्याने उसनी चाल आपली होत नाही. पण तिच्याखेरीज त्या चित्रपटात त्या नागपूरकराची स्वतःची मेहनत आहे. साठीच्या लताबाईंकडून तरुण नायिकेचा आवाज गाऊन घेणे व तेलुगु मुलखातील एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या कंठास हिंदी नायकाच्या मुखी बसविणे, हे उतरवून साधत नाही. दोष दिसला म्हणून गुण नाकारू नये. आणि वडीलहो, गुण आवडला म्हणून दोष झाकू नये. ज्या मनुष्याने दिवंगत मित्राचे नाव जन्मभर आपल्या नावाआधी ठेवले, त्याच्या गाण्यांच्या माथ्यावर आपण मूळ चालींची नावे लिहिली, तर त्यात त्याचा अपमान होत नाही.

यंदापासून आम्ही निबंधासंबंधी एक नियम केला आहे. कोठून काही घेतले असल्यास ते वहीच्या माथ्यावर लिहावे. त्याबद्दल एकही गुण कापला जाणार नाही. शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे झाल्याची कथा आहे. बरे दहाही झाले, पण उपकार मानावयास परत आला तो एकच. आमच्या विद्यार्थ्यांनी त्या एकाच्या पंक्तीत बसावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.