नुसता पाय उचलून पाहिला, तेवढ्यात निदान कसं झालं?

प्रश्न : आमची शेती मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे. यंदा लावणी चालू असतानाच आईची कंबर धरली आणि आठवडाभरात कळ डाव्या पायात पोटरीपर्यंत उतरली. कल्याणला एमआरआय काढला. रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ लिहून आलं. गावात सगळे म्हणतात, गादी सरकली, आता वाकणं-उचलणं कायमचं बंद. मग शहापूरला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी फिल्म पाहून बाजूला ठेवली. आईला टाचांवर चालायला लावलं, पाय उचलून पाहिला, पालथं झोपवलं आणि घरी करायचे व्यायाम दिले. करंट नाही, वजन लावणं नाही, पट्टा नाही. नुसत्या हालचालीवरून आतलं कसं कळतं? आणि मशीनशिवाय उपचार होतो का?
— एक वाचक, टोकावडे परिसर

उत्तर : तुम्ही सांगता त्यावरून आईची तपासणी नीट झालेली दिसते. त्या वेळी काय काय चाललं होतं, ते क्रमाने सांगतो.

आधी फिल्मचं. एमआरआयमध्ये मणके, गादी, नस यांचा आकार दिसतो, दुखणं दिसत नाही. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के, पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के माणसांची गादी फुगलेली आढळली. म्हणजे मुरबाडच्या बाजारात धडधाकट फिरणाऱ्या पन्नाशीच्या माणसांची फिल्म काढली, तर निम्म्याहून अधिक जणांच्या रिपोर्टात हेच शब्द येतील. म्हणून रिपोर्टातला फुगवटा हीच आजची दुखरी जागा आहे का, हे अंगावर तपासूनच ठरवावं लागतं.

त्या तपासणीची पहिली पायरी म्हणजे प्रश्न. पडझड झाली होती का? संध्याकाळी ताप येतो का? वजन उतरलंय का? रात्री कूस बदलूनही दुखणं थांबत नाही का? लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय का, बसण्याच्या जागेला बधिरपणा आहे का? हे प्रश्न वरवरचे वाटतात, पण मणक्याचा क्षय, गाठ, हाडाचं फ्रॅक्चर आणि नसांच्या जुडग्यावरचा दाब ही चार मोठी संकटं त्यांतूनच आधी हेरली जातात. आपल्याकडे मणक्याचा क्षय दुर्मीळ नाही, म्हणून ताप आणि उतरणारं वजन यांकडे कधीच काणाडोळा करू नये. यातलं एक जरी ‘हो’ निघालं, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर गाठायचे. लघवी अडली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं.

दुसरी पायरी नसांची. कंबरेतून निघणारी प्रत्येक नस ठरावीक स्नायूंना बळ देते आणि कातडीच्या ठरावीक पट्ट्याला संवेदना देते. टाचांवर चालताना पाऊल वर धरणारे स्नायू कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या नसांवर चालतात, तर चवड्यांवर चालण्याचं बळ मुख्यतः त्याखालच्या, माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या पहिल्या नसेचं. पायाचा अंगठा वर रेटता येतो का, घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारल्यावर पाऊल उडतं का, पावलाची वरची बाजू बधिर आहे की बाहेरची कड, हे सगळं एकत्र मांडलं की कोणती नस चिडली आहे याचा बऱ्यापैकी नेमका अंदाज येतो. उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय उचलतात, तेव्हा कंबरेपासून पावलापर्यंत गेलेली ती नस ताणली जाते. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली, तर नसेच्या मुळाशी त्रास असल्याचा संशय बळावतो. फक्त मांडीमागे ओढ लागली, तर ती बहुधा स्नायूंची असते.

तिसरी पायरी तुम्हाला सगळ्यात नवलाची वाटली असेल, ती पालथं झोपवण्याची. तिचा उगम न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनचा. १९५६ मध्ये तिथल्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टकडे कंबरेपासून गुडघ्यापर्यंत दुखणारा एक रुग्ण येत होता. कित्येक दिवसांच्या उपचारांनी फरक नव्हता. मॅकेन्झींनी त्याला पालथं झोपून राहायला सांगितलं आणि ते दुसऱ्या रुग्णाकडे गेले. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी वर केलेली होती, ती तशीच राहिली होती. काही मिनिटांनी येऊन पाहतात तर रुग्ण पाठ मागे वाकलेल्या अवस्थेत पडलेला! त्या काळी ही स्थिती घातक मानत असत, त्यामुळे ते घाबरलेच. पण रुग्ण म्हणाला, पायातली कळ गेली, आता फक्त कंबर दुखते. पुढे मॅकेन्झींनी हीच गोष्ट पद्धतशीर तपासली. एकच हालचाल दहा-दहा वेळा करून घ्यायची आणि दर वेळी विचारायचं, दुखणं कुठे आहे?

आईच्या बाबतीत हेच उत्तर लाखमोलाचं आहे. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत अशी वर सरकत आली, तर ती हालचाल तिच्यासाठी औषध आहे. अशा वेळी कंबर थोडी जास्त दुखू शकते, आणि नेमकं तेव्हाच घाबरून अनेक जण व्यायाम सोडतात. तसं करू देऊ नका. पाय मोकळा होतोय ना, एवढं पाहा. उलट कळ खाली पावलाकडे उतरू लागली, तर तो व्यायाम लगेच थांबवून बाईंना कळवा. प्रत्येकाची दिशा एक नसते. साठीच्या पुढच्या ज्यांना चालताना पाय भरून येतात आणि खाली बसलं की बरं वाटतं, त्यांना पालथं झोपणं बहुधा सोसत नाही. म्हणून शेजारणीचा व्यायाम आईला आणि आईचा शेजारणीला देऊ नये. या तपासणीत निदान आणि उपचार एकाच हालचालीतून पुढे जातात, म्हणूनच बाईंना मशीनची गरज पडली नाही.

मशीनबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणं आणि हाताने करायचे काही उपचार यांना त्यांत स्थान आहे. वजन लावणं, अल्ट्रासाउंडचा शेक, टेन्स नावाचा करंट आणि कंबरेचे पट्टे यांची मात्र नेहमीचा उपचार म्हणून शिफारस केलेली नाही. शेकाने घटकाभर बरं वाटतं, ते खरंच आहे. पण टोकावड्याहून कल्याणला एसटीने दहा दिवस शेक घ्यायला जाणं म्हणजे दहा दिवसांची मजुरी बुडवणं. घरच्या ओटीवर, चटईवर करायचा व्यायाम स्वस्त आहे म्हणून कमी दर्जाचा आहे, असं समजू नका.

पडून राहण्याचंही तसंच. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध अभ्यासात कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं होतं. बरं होण्यात फरक पडला नाही, उलट दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. बाहेर आलेली गादी बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप आक्रसते आणि पायाची कळ बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते. त्या काळात स्नायू ढिले पडू द्यायचे नाहीत. कळ कंबरेपर्यंत वर आली की पुढचा टप्पा बळाचा : खाटेवरून हात न टेकता उठणं, कंबर न मोडता खुब्यातून वाकणं, आधी रिकामी कळशी, मग अर्धी, मग भरलेली. ‘कायमचं बंद’ हा सल्ला आईला अपंग करील. तिला पुन्हा शेतात उभं करणं हाच उपचाराचा हेतू.

लावणीतच हे का झालं, तेही समजून घ्या. वीसेक मिनिटं पूर्ण वाकून राहिलं की मणक्यांना बांधणारे पट्टे हळूहळू ताणले जातात, आणि सरळ उभं राहिल्यावरही ते पूर्ववत व्हायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागू शकतो. तेवढा वेळ कंबर राखणदाराशिवाय असते. आवण लावून बांधावर आल्याआल्या पंधरा लिटरचा हंडा उचलला, की तिथेच उसण भरते. म्हणून दर वीस मिनिटांनी उभं राहून, कंबरेवर हात ठेवून पाच वेळा मागे वाकायचं. लावणीवरून थेट ओझ्याकडे जायचं नाही. हंडा चुंबळीवर चढवताना दुसऱ्याचा हात घ्यायचा, कारण जमिनीवरून डोक्यापर्यंत उचलताना येणारा पीळ डोक्यावरच्या वजनापेक्षा जास्त त्रास देतो.

आणि काम बदलता आलं तर जरूर बदला. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या ‘सगुणा राइस तंत्रा’त गादीवाफ्यावर भात टोकतात, म्हणजे राब, चिखलणी आणि लावणी तिन्ही वाचतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘वैभव विळा’ हलका आणि दातेरी असल्याने कापणीत हाताला कमी ओढ बसते. पाण्याचं मात्र घरच्या घरी सुटत नाही. भातसा आणि तानसा धरणं शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईच्या नळाला, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट. घराजवळ नळ आला तर बायकांच्या कंबरा आणि माना जेवढ्या वाचतील, तेवढ्या कोणत्याही उपचाराने वाचणार नाहीत. ग्रामसभेत हा मुद्दा आरोग्याचा म्हणून मांडा.

प्रश्न : आजीचं वय ६८. गुडघ्यातलं वंगण संपलं म्हणतात. चालणं बंद करावं का?
— एक वाचक, खर्डी

उत्तर : बंद करू नका. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. गुडघा हलला, त्यावर भार पडला आणि उतरला, की सांध्यातल्या द्रवातून तिचं पोषण होतं. फिजिओथेरपिस्ट आजीला तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजतील, मांडीचं बळ पाहतील, सूज तपासतील. त्यांना एक गोष्ट नक्की सांगा : सकाळचा आखडलेपणा किती वेळ राहतो? अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल तर बहुधा झीज. त्याहून जास्त टिकत असेल आणि हाताच्या बोटांचे सांधेही सुजत असतील तर आमवाताची रक्ततपासणी हवी. चिकनगुनियानंतरही सांधे महिनोन्‌महिने दुखतात, म्हणून तो ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा.

हे दुखणं आजीच्या एकटीचं नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोपडा यांच्या पथकाने १९९६ मध्ये घरोघर पाहणी सुरू केली, तेव्हा सुमारे १८ टक्के प्रौढांनी सांधे-स्नायूंच्या तक्रारी सांगितल्या. त्यांतल्या थोड्यांनाच आमवातासारखा आजार होता. उरलेल्या बहुतेकांना मांडीचं बळ वाढवणं, थोडंथोडं चालणं वाढवत नेणं आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरणं, एवढ्यानेही फरक पडतो.

प्रश्न : माझा खांदा दोन महिने वर जात नाही. चोळून घेतो, पण तेवढ्यापुरतं बरं वाटतं. फिजिओथेरपिस्ट वेगळं काय करतील?
— एक वाचक, वासिंद

उत्तर : चोळण्याआधी ते दोन गोष्टींची तुलना करतील. हात तुम्ही स्वतः किती उचलता, आणि तुम्ही सैल सोडल्यावर त्यांना किती उचलता येतो. ही पद्धत लंडनचे डॉ. जेम्स सिरियाक्स यांनी विसाव्या शतकात रूढ केली. तुम्हाला जमत नाही पण त्यांनी उचलला की हात वर जातो, तर दोष बहुधा स्नायूत किंवा त्याच्या शिरेत. तिथे हळूहळू भार वाढवणारे व्यायाम लागतात. दोघांनाही जमत नाही आणि कोपर अंगाला टेकवून हात बाहेरच्या बाजूला फिरतच नाही, तर बहुधा सांध्याभोवतीचं आवरण आखडलं आहे. त्याला धीराने, सोसेल तेवढाच ताण द्यावा लागतो. जोरात ओढून घेतलं तर दुखणं वाढतं. मधुमेहींमध्ये हा त्रास जास्त आढळतो, त्यामुळे रक्तातली साखर एकदा तपासून घ्या.

जाताना एक चौकशी जरूर करा. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२ चा आहे आणि फिजिओथेरपिस्टची त्या परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. पहिल्या भेटीत तुमचं ऐकून, तपासून, हालचाल करून घेऊन मगच उपचार सांगणारा माणूस निवडा. घरी काय करायचं, किती वेळा करायचं आणि कधी थांबायचं हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.