निर्देशकारित्व आणि कर्करोगाची गोळी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात रुग्णाच्या चार गुणांत निर्देशकारित्व, म्हणजे वैद्याच्या सूचनांचे पालन, सांगितले आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात त्याचे मोल कळते. गुणसूत्र ९ व २२ यांच्या अंशांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे विकृत प्रथिन निर्माण होते. इमॅटिनिबची गोळी त्याचे कार्य रोखते, मूळ दोष पुसत नाही. म्हणून सातत्य हवे. लंडनमधील ८७ रुग्णांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९० टक्क्यांहून अधिक मात्रा घेणाऱ्यांत गुण कितीतरी सरस आढळला.

बरे वाटताच गोळी सोडून आमच्याकडे येणाऱ्या रुग्णास आम्ही न रागावता विचारतो, ‘किती गोळ्या चुकल्या?’ ती गोळी आपण बंद करू नये. आपले औषध देण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांस कळवावे. औषधविक्रेत्यांनी पुढील खरेदीची तारीख नोंदवावी. हेही चिकित्साकर्मच होय.