पानांची घरे विणणारी मुंगी : वर्गीकरण आणि प्रसार

कोकणातील आंबा-काजूच्या बागांत हिरवी पाने एकमेकांस जोडून केलेली घरटी दृष्टीस पडतात. त्यांत राहणाऱ्या तांबूस मुंग्यांस तेथे हुमले किंवा ओंबील म्हणतात. त्यांच्या कडकडून चावण्याला कंटाळून ही घरटी अनेकदा जाळली जातात. तथापि, तसे करण्यापूर्वी या मुंगीची शास्त्रीय ओळख करून घेणे इष्ट ठरेल.

वर्गीकरण

सर्व मुंग्या हायमेनॉप्टेरा गणातील फॉर्मिसिडी या एकाच कुलात मोडतात. विणकर मुंगी त्यातील फॉर्मिसिनी उपकुलातील असून तिच्या प्रजातीचे नाव ईकोफिला असे आहे. 'घर' आणि 'पान' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून फ्रेडरिक स्मिथ यांनी १८६० मध्ये ते दिले. मुंग्यांच्या काही प्रजातींत शेकडो जाती आहेत. ईकोफिलाच्या मात्र दोनच जाती आज हयात आहेत. आशियाई जातीचे वर्णन फॅब्रिशियस यांनी १७७५ मध्ये, तर आफ्रिकी जातीचे लात्रेय यांनी १८०२ मध्ये केले. आशियाई जातीस 'स्मरॅग्डिना', म्हणजे पाचूच्या रंगाची, असे नाव आहे. भारतातील कामकरी मुंगी तांबूस असते, ऑस्ट्रेलियातील मुंगीचे उदर हिरवे असते. तरीही दोन्ही एकाच जातीच्या होत. केवळ रंगावरून जात ठरत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

या प्रजातीचे खरे वैशिष्ट्य तिच्या विणकामात आहे. कामकरी मुंग्या पानांच्या कडा ओढून जुळवतात. मग इतर मुंग्या अळ्यांना जबड्यात धरून धोट्याप्रमाणे इकडून तिकडे फिरवतात आणि अळ्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पाने सांधली जातात. या अळ्या स्वतःसाठी कोश विणत नाहीत. त्यांचे रेशीम घरट्याच्या कामी येते.

प्रसार

आफ्रिकी जाती सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील उष्ण प्रदेशात आढळते. आशियाई जातीचा प्रसार भारत व श्रीलंकेपासून आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. दोन्ही जातींना उबदार, दमट हवा आणि बारमाही हिरवी झाडे लागतात. बाल्टिक प्रदेशातील कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अंबरात या प्रजातीचे अवशेष मिळाले आहेत. आज युरोपात ती कोठेही नाही. हवामान पालटले की प्रसाराच्या सीमाही पालटतात, याचा हा पुरावा होय.

उपयुक्तता

चीनमध्ये इ. स. ३०४ मधील मानल्या जाणाऱ्या ग्रंथात, संत्रावर्गीय फळझाडांच्या रक्षणासाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात, अशी नोंद आहे. जैविक कीडनियंत्रणाचे हे अतिप्राचीन उदाहरण होय. काजूचा मोहोर व कोवळी फूट सुकविणाऱ्या ढेकण्यासारख्या किडींवर या मुंग्यांचा वचक राहतो, असे ऑस्ट्रेलिया व आफ्रिकेतील बागांतही दिसून आले आहे. छत्तीसगडमधील बस्तर भागात या मुंग्यांची चटणी करतात. ओडिशातील मयूरभंजच्या अशाच चटणीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

अर्थात, गोड स्रावासाठी ही मुंगी खवले कीड व पिठ्या ढेकूण यांना सांभाळते, हा तिचा दोषही दुर्लक्षून चालणार नाही. म्हणून घरटी सरसकट जाळणे जसे अयोग्य, तसे ती डोळे मिटून राखणेही अयोग्य. तोडणीच्या झाडावरील घरटी तेवढी फांदीसह अलगद काढावीत. इतरत्र मुंग्या राहू द्याव्यात आणि त्या असलेल्या व नसलेल्या झाडांवरील किडीची तुलना करावी. शाळेतील विद्यार्थ्यांनाही ही नोंद ठेवता येईल, आणि गावाचा निर्णय मग ऐकीव माहितीवर अवलंबून राहणार नाही.