खिडकीला पडदा कसा निवडावा?

वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो. म्हातारी माणसे, तान्ही मुले दुपारभर घरात असतात. घरच तापले, तर त्यांनी जावे कुठे?

आधी ऊन कोणत्या खिडकीतून येते ते पाहू. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा असला की भागते. तिसऱ्या प्रहरी मात्र पश्चिमेचे ऊन तिरपे थेट आत शिरते. म्हणून पैसे थोडे असतील, तर पहिला पडदा पश्चिमेला, असे आम्ही म्हणतो.

तो आतून लावू नका. आतला पडदा तापतो आणि ती धग घरातच राहते. बांबूच्या कामट्यांचा पडदा बाहेरून टांगा, भिंतीपासून वीतभर दूर, म्हणजे मधून वारा खेळेल. बुरुडाकडे माप घेऊनच जा. खिडकी ३ फूट रुंद असेल, तर पडदा ४ फूट सांगा. नाहीतर कडेने ऊन येतेच. खालून दोरीने बांधा. वावटळ काही सांगून येत नाही!

वाळ्याची ताटी आणखी गार. तिच्यावर पाणी शिंपडायचे. ते वाळताना वाऱ्यातली उष्णता ओढून घेते. पण हे कोरड्या हवेतले काम. कोकणात हवाच ओली. तिथे नुसता कोंदटपणा वाढतो. आणि विहीर आटली असेल, तर वाळ्यावर पैसे कशाला घालायचे? कामट्यांचाच पडदा घ्या. सांज झाली की तो वर गुंडाळा, रात्रीचा वारा आत येऊ द्या.