बिनतारी जाळे : साधने आणि वीज

भिवंडीत विजेचे मोल कोणास सांगावयास नको. यंत्रमागांच्या या शहराचे वीजवितरण महावितरणने २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवर कंपनीकडे फ्रँचाइजी पद्धतीने सोपविले, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. तरीही शाळेत वा ग्रामपंचायत कार्यालयात वाय-फाय सुरू करावयाचे ठरले की चर्चा यंत्राच्या किमतीची होते. वीज गेल्यावर काय, हा प्रश्न बहुधा मागाहून सुचतो. दाखल्यासाठी रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाचा हेलपाटा मात्र तेथेच होतो.

या व्यवस्थेत तीन साधने साखळीने जोडलेली असतात. प्रकाशतंतूतून आलेला संदेश पहिली पेटी विद्युतसंदेशात बदलते. स्विच तो वाटून देतो. ॲक्सेस पॉइंट तो हवेतून फोनपर्यंत पोहोचवितो. पैकी पहिली पेटी बंद पडली, तर फोनवर वाय-फायची खूण दिसत राहते, पण काम होत नाही. म्हणून राखीव वीज तिन्ही साधनांना हवी.

ॲक्सेस पॉइंटसाठी खांबावर स्वतंत्र २३० व्होल्टची तार नेण्याची गरज नाही. २००३ मध्ये ठरलेल्या मानकानुसार जाळ्याच्या तारेतूनच १५.४ वॅटपर्यंत वीज पाठविता येते. १०० मीटरवर तिच्यापैकी १२.९५ वॅट हाती लागते. पावसाळ्यात हे अधिक सुरक्षित, आणि बॅटरीही कार्यालयात एकाच जागी ठेवता येते.

आता हिशेब पाहू. पेटी १२ वॅट, स्विच ८ आणि दोन ॲक्सेस पॉइंट प्रत्येकी १० धरल्यास एकूण ४० वॅट. म्हणजे दिवसभरात एक युनिटही खर्च होत नाही. चार तासांच्या राखीव विजेसाठी १६० वॅट-तास लागतात. इन्व्हर्टरमधील घट धरून ते २०० होतात. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून ४०० धरावेत. यास १२ व्होल्टची ४० अँपिअर-तासांची बॅटरी पुरते. प्रत्यक्ष आकडे यंत्रावरील पट्टीवरून घ्यावेत.

अधिक शक्तीचे प्रक्षेपक घेण्याचा मोह मात्र टाळावा. २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ पासून परवानामुक्त असला, तरी प्रक्षेपणास १ वॅटची आणि अँटेनासह ४ वॅटची मर्यादा आहे. शिवाय आपला आवाज दूर गेला, तरी फोनचे क्षीण उत्तर परत यावयास हवे! पत्र्याच्या छपराखाली आणि लोखंडी कपाटांमागे ते अडतेच. अशा ठिकाणी एका मोठ्या यंत्रापेक्षा कमी शक्तीची दोन यंत्रे, माणसे बसतात त्या बाजूस लावलेली, अधिक उपयोगी पडतात.

बाहेरील खांबास भूयोजन करावे आणि तारेवर वीजरोधक बसवावा. कोकणपट्टीत पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस विजा अधिक पडतात. बॅटरीतील पाणी दरमहा पाहण्याचे काम एका कर्मचाऱ्याकडे लेखी सोपवून त्याची नोंद ठेवावी. नवी बॅटरी काही वर्षांनी घ्यावीच लागते. तिची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करावी.